धिक्

धिक् हे अव्यय आहे, गायधनी सर सांगायचे,
नववी ब, खिडकीतून गोदेवरच्या धुण्याचा आवाज.
लिंग नाही, वचन नाही, विभक्ती नाही.
ज्याचा व्यय होत नाही ते अव्यय.
कितीही वापरा, उरतंच.
आणि लिहून घ्या, धिक् एकटं राहत नाही,
त्याच्यापुढे द्वितीया लागते.
म्हणजे काय, सर?
म्हणजे समोर कुणीतरी लागतं रे.

मागच्या बाकावर आम्ही एकमेकांकडे बोट दाखवून
धिक् त्वाम्, धिक् त्वाम् करत
पोट दुखेस्तोवर हसलो.

दहावी नापास झालो, आणि तिवंधा चौकात
वडनेऱ्यांच्या छापखान्यात खिळे जुळवायला बसलो.
तिथं शब्द उलटा वाचावा लागतो, उजवीकडून,
आणि प्रत्येक शब्दाला वजन असतं, शिशाचं.

सातपूरच्या काच कारखान्यात संप होता, एकविसावा दिवस.
युनियनचा माणूस मजकूर घेऊन आला,
वहीच्या पानावर, जांभळ्या शाईत:
कामगारद्रोही श्री. पुंजाराम लहानू बोरस्ते यांचा
जाहीर धिक्कार! धिक्कार!! धिक्कार!!!
वडनेरे म्हणाले, द्रोही म्हणता, मग श्री कशाला?
तो जरा थांबला.
राहू द्या, म्हणाला, माणूस आपल्यातलाच आहे.

पुंजाराम लहानू बोरस्ते.
वडनेऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.
घरी जातोस का, असंही विचारलं नाही,
फक्त पंखा माझ्या बाजूला वळवला.

मी पायमोडका क शोधायला लागलो.
धिक्कारात एक पुरा, एक पायमोडका,
तीन धिक्काराला तीन.
खणात दोनच निघाले.
तिसरा मी शेजारच्या लग्नपत्रिकेतून उपसला,
बांधून तयार होती ती, खालच्या कोपऱ्यात:
आमच्या ताईच्या लग्नाला नक्की यायचं हं!
नक्कीतला अर्धा काढून
धिक्कारात बसवला.
बसला. कुरकुरलासुद्धा नाही.

सर म्हणायचे, कार म्हणजे उच्चार:
होकार, नकार, हुंकार.
पण कुंभकाराचा कुंभार होतो,
सुवर्णकाराचा सोनार.
मग धिक् घडवणारा तो कोण?
हे मला त्या दुपारी सुचलं नाही.
त्या दुपारी मी फक्त ओळ सरळ आहे का ते पाहिलं.

पाचशे प्रती. गुलाबी कागद, स्वस्तातला.
सातपूरच्या गेटपासून रविवार कारंजापर्यंत
खळीनं चिकटवल्या पोरांनी.
या गावाचं नावच कापलेल्या नाकावरून पडलं म्हणतात,
तेव्हापासून बहुतेक
आमचा हात बसलेला आहे.

वडील आत का गेले, हे त्यांनी सांगितलं नाही.
भट्टी थंड झाली तर तडकते, कायमची,
हे मला पुढे कुणी दुसऱ्यानंच सांगितलं.
तेच कारण होतं का, ठाऊक नाही.
पैशासाठीही गेले असतील.

रात्री जेवण झाल्यावर त्यांनी खिशातून
एक गुलाबी कागद काढला,
चष्मा लावला, दिव्याखाली धरला.
छपाई स्वच्छ आहे, म्हणाले.
फक्त बोरस्तेतला र थोडा वर चढलाय.
आईनं ताटं उचलली.

सकाळी मी फर्मा सोडला, खिळे रॉकेलनं धुतले,
एकेक खणात परत टाकला.
वडिलांचं नाव बारा ठिकाणी गेलं.
तो अर्धा क नक्कीमध्ये परत बसवला.
पत्रिका वेळेवर गेली.

छापखाना मोडीत निघाला. शिसं किलोवर गेलं.
कारखान्याच्या जागी आता लॉन्स आहे,
कमानीवर प्लास्टिकची फुलं, मागे पार्किंग.
परवा तिथलंच आमंत्रण आलं, मोबाईलवर,
खाली कुणा छकुलीच्या नावानं तेच:
नक्की यायचं हं!
मी गेलो.
जिथं भट्टी असेल असं वाटलं
तिथं जिलेबी तळत होते.
तिथंच उभा राहून जेवलो.